आरोग्यसेवकांचे अशाब्दिक संप्रेषण कौशल्य : संकल्पना, अध्यापन आणि मर्यादा यांची चिकित्सा

प्रस्तावना

रुग्ण दवाखान्याच्या दारात येतो तेव्हा त्याचे डॉक्टरांशी संभाषण सुरू झालेले नसते, परंतु संप्रेषण सुरू झालेले असते. केसपेपरच्या खिडकीतून वर न पाहता पुढे सरकवलेला कागद, रांगेत 'मागे व्हा' असे सांगणारा नुसता हात, बाकावर जागा नसल्याने भिंतीशी टेकून बसलेली माणसे आणि दार किलकिले करून आत डोकावणारा नातेवाईक, या सर्वांतून रुग्णाला या ठिकाणी आपले स्थान काय हे कळत असते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याने काही निष्कर्ष काढलेले असतात आणि पुढे तो किती बोलणार, काय लपवणार, सांगितलेले किती पाळणार, हे बऱ्याच अंशी त्या निष्कर्षांवर ठरते.

अशाब्दिक संप्रेषण हा विषय गेल्या काही वर्षांत वैद्यकीय, परिचर्या व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या अध्यापनात स्थिरावला आहे. कार्यशाळा होतात, पुस्तिका निघतात, देहबोलीवर व्याख्याने दिली जातात. हे स्वागतार्ह आहे. तथापि या अध्यापनाचा आशय कोठून आला, तो मराठवाड्यासारख्या प्रदेशातील रुग्णालयांना कितपत लागू पडतो आणि त्यातून रुग्णाच्या पदरात नेमके काय पडते, याची चिकित्सा फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर शहरातील व महाराष्ट्रातील आरोग्यव्यवस्थेच्या संदर्भात ही चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये 'एटकॉम' या नावाने अभिवृत्ती, नीती व संप्रेषण यांवरील २७ घटकांची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाबरोबर ती एमबीबीएसच्या शिक्षणाचा भाग झाली. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, तरी हा अभ्यासघटक कायम राहिला. 'संप्रेषणाचा पाया' हा विषय त्यात प्रथम वर्षापासून टप्प्याटप्प्याने येतो. पूर्वीच्या पिढ्यांनी जे केवळ वरिष्ठांच्या राउंडमध्ये पाहून उचलले, ते आता शिकवायचे व तपासायचे कौशल्य मानले गेले. ही या बदलाची मोठी जमेची बाजू होय.

हा बदल अकारण झालेला नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्वाळा दिला. डॉक्टरांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनाला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानंतरही मार्च २०१७ मध्ये धुळे येथील शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. रुग्ण व डॉक्टर यांच्यातील विश्वास विरत चालल्याची ही चिन्हे आहेत. या विश्वासाचा आवाजाच्या स्वराशी असलेला संबंध नलिनी अंबाडी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आला. शल्यचिकित्सकांच्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे शब्द कळणार नाहीत अशा रीतीने गाळून ऐकवण्यात आले. ज्यांच्या स्वरात वर्चस्व अधिक व काळजी कमी जाणवली, त्यांच्यावर पूर्वी निष्काळजीपणाचे दावे झालेले असण्याची शक्यता अधिक आढळली. एका मर्यादित नमुन्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, तरी स्वर हा उपचारसंबंधाचा बाह्य अलंकार नसून त्याचा अंगभूत घटक आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

टक्केवारीचा मोह

अशाब्दिक संप्रेषणावरील बहुसंख्य व्याख्याने व क्रमिक पुस्तके एका आकडेवारीने सुरू होतात : संप्रेषणात शब्दांचा वाटा ७ टक्के, स्वराचा ३८ टक्के व देहबोलीचा ५५ टक्के. ही आकडेवारी अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांवरून आली. त्या प्रयोगांत रुग्णालय नव्हते, संवाद नव्हता, पूर्ण वाक्यही नव्हते. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून व एका प्रयोगात चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून बोलणाऱ्याची पसंती-नापसंती ओळखायला सांगितली होती. शब्द एक सांगत असेल आणि चेहरा दुसरे, तर भावना ओळखताना माणूस कशावर विसंबतो, एवढाच प्रश्न तेथे होता. भावना व अभिवृत्ती यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे पुढे मेहराबियन यांनीच स्पष्ट केले.

आरोग्यसेवेत हा गैरसमज केवळ पुस्तकी चूक राहत नाही. शब्दांचा वाटा खरोखर ७ टक्के असता, तर 'जेवणानंतर अर्धी गोळी, दिवसातून दोनदा' हे हातवाऱ्यांनी सांगता आले असते. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयात मराठीच्या विविध बोली, दखनी उर्दू, बंजारा समाजाची गोरमाटी अशा भाषा एकाच वॉर्डात नांदतात. तेथे योग्य शब्द, रुग्णाला कळणारा शब्द, हीच अनेकदा उपचाराची पहिली गरज असते. क्षयाचे औषध बरे वाटू लागल्यावरही बंद करायचे नाही, ही गोष्ट प्रेमळ हास्याने सांगता येत नाही. ती नीट समजावूनच सांगावी लागते. देहबोली शब्दाला बळ देते किंवा त्याला खोटे पाडते, पण ती शब्दाची जागा घेत नाही. हा भेद ज्या अध्यापनात पुसला जातो, ते विद्यार्थ्याला नकळत भाषेविषयी बेफिकीर करते.

उसन्या मोजपट्ट्या

दुसरा प्रश्न सांस्कृतिक आहे. जेरार्ड ईगन यांनी समुपदेशकांसाठी सांगितलेली पंचसूत्री वैद्यकीय संप्रेषणाच्या अध्यापनातही वापरली जाते : समोरासमोर बसावे, हात-पाय मोकळे ठेवावेत, किंचित पुढे झुकावे, नजरेला नजर द्यावी, सैल राहावे. एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या ग्रंथात मांडलेली अंतरांची श्रेणीही अशीच सर्वत्र दिली जाते. सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर निकटचे, त्यापुढे चार फुटांपर्यंतचे वैयक्तिक, बारा फुटांपर्यंतचे सामाजिक. ही मापे अमेरिकेतील मध्यमवर्गीय लोकांच्या निरीक्षणावरून काढली असून ती सर्व मानवजातीला लागू नाहीत, असे हॉल यांनी स्वतःच सांगितले होते. क्रमिक पुस्तकांत आकडे आले, हा इशारा मात्र गळला.

या मोजपट्ट्या घेऊन शासकीय बाह्यरुग्ण विभागात उभे राहिल्यास काय दिसते? एका टेबलाभोवती तीन-चार रुग्ण व त्यांचे नातेवाईक असतात. एकाची तपासणी चालू असताना दुसऱ्याचा केसपेपर टेबलावर येऊन पडतो. वैयक्तिक अंतराची चर्चा तेथे निरर्थक ठरते. खरा प्रश्न आडोशाचा असतो. नजरेचेही तसेच आहे. पदर वा ओढणी सावरत खाली पाहणारी तरुण स्त्री रोग लपवत असेलच असे नाही. वडीलधाऱ्या अथवा परक्या पुरुषासमोर नजर खाली ठेवणे ही तिच्या घरची रीत असते. तिच्या डोळ्यांत रोखून पाहणारा तरुण डॉक्टर पंचसूत्रीनुसार उत्तम श्रोता असला, तरी तिच्या दृष्टीने तो मर्यादा ओलांडणारा ठरू शकतो. शिवाय बहुतेक वेळा ती एकटी नसते. सोबत सासू, नणंद वा नवरा असतो. प्रश्न तिला विचारला जातो आणि उत्तर दुसरेच कोणी देते. परदेशी प्रतिमाने दोघांच्या संवादावर उभी आहेत, येथील तपासणी मात्र बहुधा तिघांत घडते. कर्करोगाच्या रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला रुग्णाच्या पाठीमागे उभा असलेला मुलगा 'सांगू नका' असे डोळ्यांनी खुणावतो, तेव्हा नजर कोणाला द्यायची आणि मौन कोणाच्या बाजूने पाळायचे, याचे उत्तर कोणत्याही पंचसूत्रीत मिळत नाही. हा प्रश्न देहबोलीचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे.

तिसरे उदाहरण मान डोलावण्याचे. 'समजले ना?' या प्रश्नावर रुग्ण मान हलवतो. येथील रीतीत त्या हालचालीचा अर्थ 'ऐकतो आहे', 'आपला मान राखतो' किंवा 'आता जाऊ द्या' असाही असतो. डॉक्टर मात्र तिला होकार समजून पुढच्या रुग्णाकडे वळतो. यावरील उपाय साधा आहे : 'आता घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल ते तुम्हीच सांगा बघू,' असे म्हणून रुग्णाकडून परत वदवून घेणे. म्हणजे अशाब्दिक खुणेची पडताळणी अखेर शब्दानेच करावी लागते.

देशी परंपरेतील आधार

आयती प्रतिमाने घेताना आपल्या परंपरेतील विचाराकडे दुर्लक्ष झाले आहे. आयुर्वेदातील दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा सर्वज्ञात आहे. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत नाडी, मल, मूत्र व जिव्हा यांच्या जोडीला शब्द, स्पर्श, दृक् व आकृती यांनाही स्थान आहे. रुग्णाचा स्वर, त्वचा, डोळे व ठेवण वाचणे हे वैद्याचे शिक्षणच मानले गेले. भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार तर या विषयाची जवळजवळ पूर्ण विभागणी देतात. हालचाल व मुद्रा आंगिकात येतात, स्वराचा चढउतार वाचिकात, वेश व साधने आहार्यात. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे आठ सात्त्विक भाव पाहिल्यास त्यांतील कित्येक शब्द आजही शारीरिक लक्षणांच्या यादीत शोभतील. मराठीतून हा विषय शिकवणाऱ्यास ही परिभाषा परकी वाटणार नाही.

तथापि परंपरेचा गौरव करून थांबणे योग्य नव्हे. वैद्यकीय परीक्षांमध्ये वाचणारा वैद्य असतो आणि वाचला जातो तो रुग्ण. आधुनिक प्रशिक्षणाचा भर याच्या उलट, डॉक्टरने स्वतः कसे दिसावे यावर आहे. वस्तुतः वाचन दोन्ही बाजूंनी चाललेले असते. मराठीतील 'हातगुण' हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणतात, तेव्हा ते औषधाइतकेच स्पर्शाविषयी, धीर देण्याच्या रीतीविषयी बोलत असतात. स्पर्शाचे सामाजिक मोलही येथे विसरता येत नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, त्या काळी कुष्ठरुग्णाला स्पर्श करणे हेच त्याला माणूस म्हणून मान्य करणे होते. जातीपातीच्या व रोगाच्या विटाळाने ग्रासलेल्या समाजात डॉक्टरने नाडीवर ठेवलेला हात केवळ तपासणीचे साधन राहत नाही. आणि न ठेवलेला हातही तितकाच बोलतो.

नाट्यशास्त्राचा आधार घेताना एक धोकाही ध्यानात घ्यावा लागतो. अभिनय ही रंगभूमीची विद्या आहे. सहानुभूतीचे केवळ बाह्य आविष्कार शिकवले, तर विद्यार्थी सहानुभूती दाखवण्यात तरबेज होईल, ती बाळगण्यात नव्हे. सेवाक्षेत्रातील माणसांना भावनाही वेतनाच्या बदल्यात पुरवाव्या लागतात आणि त्याचा ताण त्यांच्यावर येतो, हे आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून दाखवून दिले. रात्रपाळीच्या अखेरीस हसतमुख राहण्याची अपेक्षा असलेल्या परिचारिकेबाबत हा विचार अधिकच लागू पडतो. तिला स्मितहास्याचे प्रशिक्षण देण्यापूर्वी तिच्याकडे किती रुग्ण सोपवले आहेत, हे पाहणे न्यायाचे ठरेल.

वेळ, वास्तू आणि इतर माणसे

येथे प्रचलित अध्यापनाची सर्वांत मोठी मर्यादा उघड होते. ते अशाब्दिक संप्रेषणाला एका व्यक्तीचे कौशल्य मानते. परंतु रुग्णालय ही संस्थाही बोलत असते. १९५६ मध्ये स्थापन झालेले आणि 'घाटी' या नावाने सर्वत्र ओळखले जाणारे शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय यांवर केवळ शहरच नव्हे, तर मराठवाड्यातील जिल्हे व शेजारील भागांतील रुग्णही विसंबून असतात. एवढ्या मोठ्या रुग्णालयात रुग्णाला प्रथम भेटतो तो डॉक्टर नव्हे. केसपेपर काढणारा लिपिक, सुरक्षारक्षक, वॉर्डातील मामा व मावशी, सिस्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ अशी ही साखळी असते. त्यातील एकाच दुव्याला, म्हणजे भावी डॉक्टरला, देहबोली शिकवून साखळी बदलत नाही. उलट स्ट्रेचर ढकलता ढकलता 'घाबरू नका आजी' म्हणणाऱ्या मावशीकडे जे सहज असते, त्याची कोणत्याही अभ्यासक्रमात नोंद नसते.

वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात प्राथमिक उपचाराच्या भेटीचा सरासरी कालावधी बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत नाव, तक्रार, तपासणी व औषध उरकताना पुढे झुकून बसण्यास अवकाश कोठून मिळणार? येथे एक आशादायक निष्कर्षही नोंदवला पाहिजे. अमेरिकेतील एका रुग्णालयात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टर उभा न राहता रुग्णाच्या खाटेजवळ बसला असता, प्रत्यक्ष वेळ वाढलेली नसतानाही रुग्णांना तो अधिक वेळ थांबल्यासारखा वाटला. म्हणजे थोडक्या वेळातही बरेच साधता येते. परंतु बसण्यासाठी खाटेशेजारी स्टूल असावे लागते आणि खाटांच्या मध्ये ते ठेवण्यापुरती जागाही असावी लागते. कौशल्याचा प्रश्न अशा रीतीने फर्निचरपर्यंत, तेथून अंदाजपत्रकापर्यंत जातो.

वास्तू व वेश काय बोलतात याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत तेथे काम सुरू केले. आदिवासी लोक रुग्णालयात येण्यास कचरतात असे दिसल्यावर त्यांनी कारण लोकांनाच विचारले. डॉ. बंग यांनी अनेक ठिकाणी सांगितल्याप्रमाणे, मोठ्या इमारतींची भीती वाटते, डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात आणि आमच्याकडे पांढरे वस्त्र प्रेतावर घालतात, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. त्यावरून शोधग्राम येथील रुग्णालय गोंड वस्तीच्या धर्तीवर, झोपडीवजा खोल्यांचे व नातेवाइकांना राहता येईल असे उभारले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. ज्या शुभ्र कोटाला वैद्यकीय जग स्वच्छतेचे व विश्वासाचे चिन्ह मानते, तोच दुसऱ्या समाजात मृत्यूचे चिन्ह ठरतो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा आहे. तेथे बदलली ती डॉक्टरांची मुद्रा नव्हे, तर संस्थेची मांडणी. आणि बदलाची सुरुवात झाली ती रुग्णाला प्रश्न विचारण्यापासून.

कोविडच्या साथीने हाच मुद्दा उलट बाजूने सिद्ध केला. २०२० मध्ये पीपीई किटमुळे चेहरा, हास्य व स्पर्श एकाच वेळी नाहीसे झाले. कोविड वॉर्डांत रुग्णाला समोरचा डॉक्टर आहे की परिचारिका हेही ओळखणे अवघड झाले. त्यापूर्वी इबोलाच्या साथीत लायबेरियात आरोग्यसेवकांनी आपली हसरी छायाचित्रे किटवर चिकटवण्याचा उपक्रम झाला होता आणि कोविडकाळात त्याचे अनुकरण अनेक देशांत झाले. चेहरा ही उपचारातील किती मूलभूत गोष्ट आहे, हे तो झाकला गेल्यावर कळले.

मूल्यमापनाची अडचण

कौशल्य शिकवले की ते तपासावे लागते, आणि तपासायचे तर यादी लागते. नजर दिली का, मान हलवली का, मध्ये बोलणे तोडले का, अशा रकान्यांवर खुणा केल्या जातात. शिक्षकांचीही अडचण समजण्याजोगी आहे. मोठ्या तुकडीला वस्तुनिष्ठ गुण देण्याचा दुसरा मार्ग सहज हाती नाही. परंतु परीक्षेच्या टेबलावर शोधून काढलेली नजर वॉर्डात टिकेलच असे नाही. तेथे विद्यार्थी पाहतो ते वरिष्ठांना : राउंडच्या वेळी रुग्णाला नावाने हाक मारतात की खाटेच्या क्रमांकाने, पांघरूण बाजूला करण्यापूर्वी विचारतात की नाही, तपासणी झाल्यावर ते पुन्हा नीट घालतात की तसेच पुढे जातात. हा अलिखित अभ्यासक्रम लिखित अभ्यासक्रमापेक्षा बलवान आहे. म्हणून मूल्यमापन केवळ विद्यार्थ्यांचे न होता विभागाच्या रीतीचेही व्हावे, आणि त्यात रुग्ण व नातेवाईक यांच्या मताला स्थान असावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, अशाब्दिक संप्रेषणाचे महत्त्व सांगण्यासाठी चुकीच्या टक्केवारीची आवश्यकता नाही. ती अध्यापनातून वगळणेच हिताचे आहे. दुसरी, नजर, अंतर, स्पर्श व मान डोलावणे यांचे अर्थ प्रदेश, लिंग, वय व जात यांनुसार बदलतात. म्हणून तयार पंचसूत्रीऐवजी स्थानिक निरीक्षणावर आधारित पाठ तयार व्हावेत. तिसरी, हे प्रशिक्षण लिपिकापासून सिस्टरपर्यंत सर्वांसाठी असावे आणि त्यासोबत आडोसा, स्टूल, बसण्याची जागा, दिशादर्शक फलक अशा साध्या सुविधांचा विचार व्हावा. चौथी, सौजन्याचे प्रशिक्षण हा पुरेशा मनुष्यबळाचा पर्याय होऊ शकत नाही.

या कामात कला व सामाजिक शास्त्रे शाखेच्या प्राध्यापकांनाही वाटा उचलता येण्यासारखा आहे. रुग्णांच्या बोली, त्यांच्या संकोचाच्या जागा, कुटुंबातील सत्तासंबंध हे भाषा, समाजशास्त्र व मानसशास्त्र या विषयांचे अभ्यासक्षेत्र होय. शहरात वैद्यकीय महाविद्यालय व विद्यापीठ ही दोन्ही असताना त्यांच्यात या विषयावर देवाणघेवाण होणे अवघड नाही. वैद्यकीय महाविद्यालयाने भाषेच्या प्राध्यापकाला केवळ इंग्रजी संभाषणाच्या वर्गासाठी न बोलावता, बाह्यरुग्ण विभागात एक दिवस शांतपणे बसून पाहण्यासाठी बोलवावे. रुग्ण काय सांगतो याबरोबरच तो कोठे थांबतो, कोणाकडे पाहून थांबतो आणि त्या थांबण्याकडे कोणाचे लक्ष जाते, याची नोंद तेथे होऊ शकेल. अशा नोंदींतूनच या प्रदेशाचा, या रुग्णांचा असा अशाब्दिक संप्रेषणाचा अभ्यासक्रम आकाराला येईल.